पहिल्या पानावरचे निळे ड्रम

पान छापायला सोडण्याआधी ताई ते उलटं धरायच्या. मथळा खाली, तळाच्या जाहिराती वर. मग हात लांब करून, मान जरा मागे नेऊन त्या पानाकडे बघत राहायच्या. शेजारी उभं राहून आपण एखादी ओळ उलटी वाचायचा प्रयत्न केला, की त्यांना न बघताच कळायचं.

"वाचू नकोस," त्या म्हणायच्या. "वाचायला लोक आहेत. तू बघ."

उलट्या पानात अक्षरं अक्षरं राहत नाहीत. कुठे काळं दाटलंय, कुठे पान एका अंगाला कललंय, डोळा आधी कुठे जाऊन आपटतो, एवढंच दिसतं. बातमी लिहिणाऱ्याला आपल्या बातमीपलीकडे काही दिसत नाही, म्हणून पान लावणाऱ्याने बातमी विसरून बघायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीही कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली काम शिकला असाल. शिकवणाऱ्याची एखादी लकब आपल्या अंगात शिरते आणि मग जात नाही. मी आज एका दैनिकात पानं लावते आणि रोज उलटी धरून बघते. शेजारच्या टेबलावरची मुलं हसतात. हसू देत.

छापखाना भिवंडीत, जुन्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये होता. लूम काढून तिथे ऑफसेट मशीन बसवलं होतं, पण डाव्या-उजव्या हाताच्या शेडमध्ये अजून लूम चालत. दिवसभर खटखट. टेबलावरच्या चहावर बारीक लाटा उठत. एक साप्ताहिक, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं तिथे छापलं जाई. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला पान कसं लावायचं ते शिकायला कॉलेजने आम्हाला तिथे पाठवलं. मी आणि फैजान. फैजान कॅमेरा गळ्यात घालून फिरायचा. त्याचे अब्बा उत्तर प्रदेशातून लूमवर आलेले, माझे वडील लूमची दुरुस्ती करणारे जॉबर. आवाजात बोलायची आम्हा दोघांनाही लहानपणापासून सवय, त्यामुळे ताईंचं आणि आमचं लगेच जमलं.

ताई मूळच्या जवळच्याच अंजूर गावच्या. मुंबईत कलाशाळेत शिकल्या, तिथेच एका मोठ्या दैनिकात पानं लावायच्या. वडील गेल्यावर आईसाठी गावी परत आल्या. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि आई यांच्यासोबत राहायच्या आणि रोज रिक्षाने छापखान्यात यायच्या. पन्नाशी उलटलेली, सुती पंजाबी ड्रेस, चष्म्याला काळी दोरी. आवाज मात्र तरुण होता. लूमच्या वरून ऐकू जायचा.

पहिले कित्येक दिवस त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने रकाने आखायचे, बातम्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा मारायच्या, फोटोच्या जागी फुली. फैजान वैतागायचा. "ताई, सॉफ्टवेअर में दो मिनट का काम है ये."

"दोन मिनिटांत चूक पण होते," ताई म्हणायच्या. "खोडायला वेळ लागला पाहिजे. मग माणूस आधी विचार करतो."

साप्ताहिकाची मधली पानं वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरलेली असायची. मध्ये एक मोठा चेहरा, त्याच्या भोवती लहान, त्याखाली आणखी लहान चेहऱ्यांच्या रांगा. ही जाहिरात लावणं सगळ्यात अवघड. कुणाचं डोकं कुणाच्या डोक्याहून मोठं झालं, की दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या दारात चार मोटरसायकली उभ्या. ताई स्केल घेऊन कपाळं मोजायच्या.

"तालुक्याचं राजकारण शिकायचंय ना तुला? ही पानं ओळीने लावून बघ. कोण कोपऱ्यातून वर सरकतोय, कोण खाली घसरतोय, सगळं कळेल."

खरंच कळायचं. एक चेहरा मला तेव्हाच लक्षात राहिला. पांढरा शर्ट, कपाळावर टिळा, हसू अगदी शांत. काल्हेरच्या बाजूला त्याची बरीच गोदामं होती. दर जाहिरातीत तो एकेक रांग वर चढत होता.

"ह्याला मोठा करताना सांभाळून," ताई एकदा म्हणाल्या. "हा भांडायला येत नाही. भांडणारा परवडतो."

वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांचा अंक निघायचा. चार पानं, आम्हीच लिहायचं, आम्हीच लावायचं. पहिलं पान माझ्याकडे आलं. मुख्य जागेवर खाडीकाठच्या उरलेल्या शेतीबद्दलचा लेख घ्यायचं ठरलं. फैजान जाऊन फोटो काढून आला. भाताचं कापलेलं शेत, कडेला बगळे, मागे पत्र्याच्या शेड. छान फोटो होता. मी तो चार रकान्यांत पसरवला आणि छापून ताईंच्या हातात दिला.

त्यांनी पान उलटं धरलं. हात आणखी लांब केला. मला वाटलं मथळ्यात काही चुकलं.

"डोळा बगळ्यांवर जात नाही," त्या म्हणाल्या. "हे निळं काय आहे कोपऱ्यात?"

आम्ही कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. मागच्या शेडचं शटर अर्धवट वर होतं. आत निळे ड्रम रचलेले होते, एकावर एक, अंधारात आतपर्यंत. शेडच्या भिंतीला चिकटून एक बसकी खोली होती. तिच्या भिंतीवर रंगवलेला ससा आणि आंबा दिसत होता.

"ही तर अंगणवाडी," मी म्हटलं.

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो. आणि शेड आमची आहे. बाळ्याने, माझ्या भावाने, भाड्याने दिली. कापडाचं गोदाम म्हणून."

शेजारचे लूम खटखटत होते.  ताईंनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चला. रिक्षा बघ."

शेड त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला, शेताच्या टोकाला होती. घरातून पत्र्याचं छप्पर तेवढं दिसायचं; तिकडे जायचं ताईंना कधी कारण पडलं नव्हतं. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हाच घशात काहीतरी टोचायला लागलं. आंबट, लोखंडासारखा वास. शेडच्या पायाजवळचं गवत पिवळं नव्हतं, काळं पडलं होतं. अंगणवाडीत मुलं मांडी घालून खिचडी खात होती आणि मधूनमधून एखादं पोर डोळे चोळत होतं. सेविका म्हणाली, "सगळ्यांनाच सर्दी हाय ताई. हवा बदलली ना."

गोदामाचा राखणदार म्हातारा होता. बाजेवर बसलेला, डोळे लाल. फैजानने त्याला चाचा म्हणून हाक मारली आणि ड्रममध्ये काय आहे ते विचारलं.

"केमिकल है बेटा. नाम हमको नहीं मालूम. बस इतना बोला है, पानी नहीं लगना चाहिए."

"लगा तो?"

"वो नहीं बताया."

ताई वर पत्र्याकडे बघत होत्या. दोन ठिकाणी पत्रा सरकला होता आणि फटीतून आकाश दिसत होतं.

तेवढ्यात त्यांचा भाऊ मोटरसायकलवरून आला. कुणीतरी कळवलं असणार. दणकट माणूस, गोल चेहरा, ताईंसारखेच डोळे. आमच्याकडे बघून हसला, पण हसू टिकलं नाही.

"बाय, तू हीथं कशाला आली? घरात चल, च्या घे."

"ह्यात काय आहे, बाळ्या?"

"मना काय म्हाईत. जागा आपली हाय, माल त्यांचा हाय. थोड्या दिवसांचा सवाल हाय, मंग उचलतील."

"कापड म्हणाला होतास."

"त्यांनी मना तसाच सांगलाय." त्याने अंगणवाडीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "पोरांना काय व्हत न्हाय. माझी पोरगी पन हीथंच बसायची ना. आईला काय सांगू नको, ती उगाच जीव लावून घेल."

मला तो माणूस वाईट वाटला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो सारखा तळहात पँटला पुसत होता. त्याला माहीत होतं. म्हणजे पूर्ण माहीत नव्हतं, पण जेवढं माहीत होतं तेवढ्याने त्याची झोप उडाली असावी.

परतताना रिक्षात ताई म्हणाल्या, "शेतीचा लेख आतल्या पानावर टाक. फैजान, उद्या परत जा. शटर आणि ससा एकाच चौकटीत पाहिजे."

त्या शेडमध्ये कुणाचा माल आहे, हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी समजलं, कारण तो स्वतःच आला. पांढरा शर्ट, टिळा, शांत हसू. जाहिरातीत दिसायचा त्याहून बुटका होता. छापखान्याच्या मालकांनी त्याला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला. त्याने सगळ्यांसाठी थंड मागवलं.

"विद्यार्थ्यांचा अंक निघतोय असं ऐकलं," तो म्हणाला. "फार आनंद झाला. आमच्याकडून पहिल्या पानावर शुभेच्छा घ्या. अर्धं पान. वरचं अर्धं."

छापखान्याचे मालक ताईंकडे बघू लागले. ताई म्हणाल्या, "पहिल्या पानावर जाहिरात घेत नाही. आत देते."

"तसं कसं, ताई. मुलांचं भलं व्हावं एवढीच इच्छा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू जॉबरची मुलगी ना? चांगला माणूस आहे. आमच्या शेडमधले लूम तोच बघतो." मग फैजानकडे वळून काहीच बोलला नाही, नुसता त्याच्या कॅमेऱ्याकडे बघत राहिला. उठताना म्हणाला, "आणि ताई, तुमच्या आईचं वय झालंय. घर अगदी आमच्या मालाला लागून. आम्हालाच काळजी वाटते."

थंडच्या बाटल्या तशाच राहिल्या. कुणी घेतल्या नाहीत.

संध्याकाळी वडील घरी आले. जेवणाच्या ताटावर बसून भाकरीचा तुकडा हातात धरून राहिले. मग म्हणाले, "शेठ विचारत होता, पोरगी काय शिकते म्हणून. आजवर कधी विचारलं नाही त्याने." आई त्यांच्याकडे बघत राहिली, ते माझ्याकडे. मी काय ते सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी खाली ठेवली. "अंगणवाडीच्या भिंतीला?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मला नको म्हटलं नाही आणि कर असंही म्हटलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी शेठच्या लूमचं काम सोडलं.

पान लावायला बसलो तेव्हा माझा मथळा तयार होता. 'मृत्यूचं गोदाम'. मोठ्या काळ्या अक्षरांत. ताईंनी तो वाचला आणि पेन्सिलीने फुली मारली.

"ओरडणाऱ्या मथळ्याचं पान लोक भजी बांधायला घेतात. घरातलं माणूस घरातल्याला जसं विचारेल तसं लिही."

आम्ही लिहिलं: 'अंगणवाडीच्या भिंतीपलीकडे काय ठेवलंय?' खाली फोटो, रुंद. ससा, आंबा आणि निळे ड्रम. राखणदाराचं बोलणं जसंच्या तसं, त्याचं नाव न देता. भाडेकरूचं म्हणणं मागितलं होतं, आलं नाही, तेही लिहिलं. सगळं झाल्यावर ताई म्हणाल्या, "अजून एक वाक्य राहिलं. ही जागा या अंकाची पानं लावून घेणाऱ्या बाईच्या कुटुंबाची आहे."

मी टाइप केलं नाही. म्हटलं, "ताई, हे कशाला? दादा..."

"दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायचं आणि आपलं दार लपवायचं, तर मग तो वरचा प्रश्न कोण खरा मानेल?"

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि वाक्य स्वतः टाइप केलं. दोनदा चुकलं. एरवी त्यांचं टाइपिंग कधी चुकायचं नाही.

छापखान्याचे मालक घाबरट होते, पण ताईंना नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. ते त्या दिवशी लग्नाला निघून गेले आणि मशीन आमच्यावर सोडलं. अंक छापून झाला तेव्हा ताईंनी एक गठ्ठा काखेत घेतला आणि गावाला नेला. घराघरांत स्वतः दिला. आम्ही दोघं सोबत होतो. काही बायकांनी दारातच फोटो पाहिला आणि पोराला आत ओढून घेतलं. एका म्हाताऱ्याने अंक न घेताच दार लावलं. स्वतःच्या घरी ताईंनी अंक ओट्यावर ठेवला. भावजय आतून बाहेर आली, पहिलं पान पाहिलं, शेवटच्या वाक्यापर्यंत आली आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून ती ताईंशी बोलायची थांबली.

दुसऱ्या सकाळी अंगणवाडीत एकही मूल आलं नाही. दोन दिवसांनी सेविकेने वर्ग देवळाच्या सभामंडपात हलवला. पंचायतीने कुलूप लावायलाही माणूस पाठवला नाही. खोली तशीच उघडी राहिली, ससा आणि आंबा घेऊन. आम्ही तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. तिथल्या साहेबाने अंक वाचला, घडी घातली, "बघतो" म्हणाला. फैजानचा कॅमेरा त्याच आठवड्यात रस्त्यात कुणीतरी हिसकावून नेला. छापखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर दोन माणसं रोज बसायला लागली. चहा प्यायची नाहीत. ताई आल्या की घड्याळ बघायची, गेल्या की पुन्हा घड्याळ बघायची.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच झाली. ड्रम हलले नाहीत. अंक निघाल्यावर गोदामवाल्याने शटर ओढून घेतलं, कुलूप लावलं, वर मोठी ताडपत्री टाकली. आता माल उचलला असता तर गावाने ट्रक पाहिला असता आणि फोटो खरा ठरला असता. त्यामुळे आत काहीच नाही असं म्हणत तो माल तिथेच ठेवून बसला.

भाऊ एकदा छापखान्यात आला. ताईंच्या टेबलापाशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"मी त्याला रोज फोन करतंय, बाय. उचल म्हनतंय. तो बोलतं, आता न्हाय. तुझ्या बयनीने लोकांचा डोला लावलाय."

"मग तू शटर तोड."

"करारावर सही हाय माझी."

"बाळ्या, पत्रा सरकलाय."

"ताडपत्री टाकलीय ना." मग तो वळला. जाताना म्हणाला, "आई जेवत न्हाय. घरात कोन कोनाशी बोलत न्हाय. घराचा पार मसनवटा झालाय."

ताईंनी त्याला थांबवलं नाही. तो गेल्यावर त्यांनी समोरची लग्नपत्रिका पूर्ण केली, अगदी शेवटच्या 'कृपया आहेर आणू नये' या ओळीपर्यंत. मी बघत होते. वधूच्या बापाचं नाव त्यांनी वराच्या बाजूला लावलं होतं.

त्यानंतरचा एक शुक्रवार होता, लूमला सुट्टी. म्हणून छापखान्यात एवढी शांतता होती की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. ताई आईला घेऊन दवाखान्यात जाणार होत्या, आल्या नव्हत्या. दुपारी अवेळी ढग आले, वारा सुटला, रस्त्यावरची धूळ शेडमध्ये शिरली आणि मागोमाग सर कोसळली. उन्हाळ्याचे दिवस. मला पहिल्यांदा कागद भिजतील याची काळजी वाटली. मग ताडपत्री आठवली, आणि वारा.

फैजानचा फोन आला तेव्हा मी दारातच उभी होते. "धुआँ दिख रहा है तेरे को? पीला वाला?"

दिसत होता. इमारतींच्या मागून, खाडीच्या बाजूने वर चढत होता, आणि पावसाने विझायच्या ऐवजी वाढत होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, नंतर गावकऱ्यांकडून आणि राखणदाराकडून कळलेलं आहे. वाऱ्याने ताडपत्री उडाली. पाणी आत गेलं. आधी ड्रम शिट्टीसारखे वाजायला लागले. राखणदार आत होता. पाऊस आला म्हणून तो मागच्या दाराने आत जाऊन झोपला होता. भावाला ते माहीत होतं. तो घरातून पळत आला, तोंडाला ओला टॉवेल बांधला, मागच्या दाराकडे धूर दाटला होता म्हणून शटरचं कुलूप पहारीने तोडलं आणि आत गेला. म्हाताऱ्याला ढकलत बाहेर आणलं. "मेरे को बाहर फेंका," राखणदार आम्हाला सांगत होता, "और बोला, एक और आदमी तो नहीं है ना अंदर. मैं खाँस रहा था. मैं बोल नहीं पाया. वो देखने चला गया."

आत दुसरं कुणीच नव्हतं.

मग आत स्फोट झाला आणि शेडची भिंत बाहेरच्या बाजूला पडली. सगळीच्या सगळी, अंगणवाडीवर. रंगवलेल्या भिंतीची माती झाली. त्या वेळी मुलं देवळाच्या सभामंडपात बसून पावसात हात बाहेर काढत होती.

ताई दवाखान्यातून परतल्या तेव्हा आगीचे बंब यायचे होते. त्या आईला रस्त्यावर रिक्षात सोडून शेडकडे धावल्या. त्यांना शेजाऱ्यांनी शटरच्या तोंडाशी पकडून मागे ओढलं. तोपर्यंत त्यांनी त्या धुरात भावाच्या नावाने हाका मारल्या होत्या. तो तरुण आवाज तिथेच गेला. पुढे त्या बोलायच्या ते नुसतं श्वासावर.

साप्ताहिकात श्रद्धांजलीची जाहिरात द्यायची होती. मालक म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी लावू दे. ताई आल्या आणि स्वतःच्या खुर्चीत बसल्या. भावाचा एकट्याचा चांगला फोटो घरात नव्हता. लग्नातला सगळ्यांचा फोटो होता. त्यातून त्याला वेगळा काढायला मी बसले. आजूबाजूची माणसं पुसत गेले आणि शेवटी त्याच्या खांद्यावर एक हात उरला, मनगटात साधी बांगडी.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"माझा."

"काढू का?"

ताईंनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "छोटा आहे. कुणाच्या लक्षात येणार नाही."

त्या अंकात मधल्या पानावर नेहमीप्रमाणे वाढदिवसाची जाहिरात होती आणि पांढऱ्या शर्टाचा चेहरा आणखी एक रांग वर गेला होता. त्याच्यावर केस झाली होती, जामीनही झाला होता. ती जाहिरात ताईंनी लावायला नकार दिला. त्यानंतर त्या छापखान्यात फार दिवस आल्याच नाहीत. चार पावलं चालल्या की धाप लागायची.

गावात दोन बाजू पडल्या. ज्या घरांतली मुलं त्या खोलीत बसायची त्या घरांतून ताईंना पापड-लोणच्यापासून सगळं यायचं. आणि काही जण म्हणायचे, हिने छापलं नसतं तर माल गुपचूप उचलला गेला असता, भाऊ जिवंत राहिला असता. भावजय हेच म्हणायची. ताईंना नाही, इतरांना, पण ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात. मी एकदा त्यांच्यासमोर या बोलण्यावर चिडले. त्यांनी हाताने मला थांबवलं.

"ती खोटं बोलत नाही. मीही रोज तेच बघते." श्वास घेतला. "दोन्ही बाजूंनी बघते. उत्तर येत नाही."

घर मात्र त्यांनी सोडलं नाही. आई तिथून हलायला तयार नव्हती, आणि आता कमावणारं कुणी नव्हतं. वर्षभराने भावजयीने जागा साफ करून, नवी शेड बांधून परत भाड्याने दिली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. शेत तर केव्हाच गेलं होतं. ताईंनी विरोध केला नाही. एक प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि शेडच्या शटरसमोर, आंब्याच्या झाडाखाली मांडून बसल्या.

मी सुट्टीला त्यांच्याकडे जायचे तेव्हा हे पाहिलंय. ट्रक मागे येऊन थांबायचा. हमाल खाली उतरायचे. त्या काही बोलायच्या नाहीत. बोलायला श्वास पुरायचा नाही. नुसत्या बघत राहायच्या. थोड्या दिवसांनी हमालांनाच ते सहन होईना. कुणी न सांगता ते पहिला बॉक्स त्यांच्यासमोर आणून फोडायचे आणि आतला पांढऱ्या धाग्याचा कोन, शंकूसारखी गुंडाळी, वर करून दाखवायचे. ताईंनी मान हलवली की माल उतरायला सुरुवात. ड्रायव्हर हसायचे, पण एकानेही तो बॉक्स फोडायचा राहू दिला नाही. भावजय दारातून हे बघायची आणि आत जायची.

"किती दिवस बसणार?" मी विचारलं होतं.

"जागा रिकामी दिसायला नको," एवढंच म्हणाल्या.

या वर्षी थंडीत त्या गेल्या. झोपेत, सकाळी. मला उशिरा कळलं. दिवसकार्य होऊन गेल्यावर मी गावी पोहोचले. त्यांची आई आत भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. मी काकींनी, म्हणजे त्यांच्या भावजयीने, दिलेला चहा घेऊन ओट्यावर बसले.  तेवढ्यात मागच्या बाजूने ट्रक रिव्हर्स घेत आला. आंब्याखालची खुर्ची रिकामी होती. नवा ड्रायव्हर होता, हमालही नवे. त्यांनी खुर्ची पाहिली, बाजूला सरकवली आणि शटर वर केलं. बॉक्स मोठे होते आणि दोघांना मिळून एक उचलावा लागत होता.

काकी ओट्यावरून उतरल्या. पदर खोचला, शांतपणे चालत गेल्या, खुर्ची उचलून होती तिथे ठेवली आणि तिच्यात बसल्या.

"उघड," त्या म्हणाल्या.

हमालाला मराठी समजलं नाही. तो ड्रायव्हरकडे बघू लागला. ड्रायव्हर म्हणाला, "धागा है, भाभी. रोज का माल है."

"खोल के दिखाव. मना बगायचा हाय."

ट्रकचं इंजिन चालूच होतं. दोघा हमालांनी बॉक्स त्यांच्या पायाशी ठेवला, एकाने कमरेची सुरी काढली आणि चिकटपट्टीत घातली. मी चहाचा कप खाली ठेवून उठले आणि काकींच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.